तालुक्याच्या वकिलाला एआय कोण शिकवणार?

गोष्ट गेल्या पावसाळ्यातील आहे. जिल्ह्याच्या विशेष न्यायालयात अ‍ॅट्रॉसिटीच्या एका प्रकरणात आरोपींच्या अटकपूर्व जामीन अर्जावर दुसऱ्या दिवशी सुनावणी होती. शेताच्या बांधावरून सुरू झालेले भांडण, त्यातून भर रस्त्यात जातिवाचक शिवीगाळ, मारहाण आणि घरातील बाईचा हात मोडलेला. फिर्यादीच्या वतीने लेखी हरकत दाखल करायची होती. मी दिवसभर दुसऱ्या न्यायालयात अडकलो होतो, म्हणून "दाखले शोधून हरकत तयार ठेव," असे सकाळीच माझ्या ज्युनिअरला सांगून गेलो होतो. संध्याकाळी सातला ऑफिसात परतलो तर टेबलावर नऊ पानांची हरकत तयार! सफाईदार इंग्रजी, सहा न्यायनिवाड्यांचे दाखले, प्रत्येकाचे वर्ष, खंड आणि पान क्रमांक.

ही मुलगी तिच्या घराण्यातील पहिली वकील. आईवडील ऊसतोड कामगार. शिक्षण मराठी शाळेत आणि वसतिगृहात राहून झालेले. इंग्रजीत अर्ज लिहायचा म्हटले की तिचा चेहरा उतरायचा. म्हणून मी विचारले, "एवढे केव्हा केलेस?"

"सर, चॅटजीपीटीवर काढलं. अर्धा तास लागला."

मला आधी कौतुकच वाटले. पण दाखला दिला की मूळ निवाडा उघडून पाहायचा, ही माझ्या सिनिअरांनी लावलेली सवय आहे. एकेक दाखला काढून पाहू लागलो. सहापैकी दोन निवाडे कुठेच सापडेनात. पक्षकारांची नावे खरी वाटावीत अशी, न्यायमूर्तींचे नावही खरे. पण सांगितलेल्या खंडात, सांगितलेल्या पानावर भाडेकरूच्या वादाचे भलतेच प्रकरण होते. ते दोन निवाडे जगात कधी झालेच नव्हते. यंत्राने ते रचले होते.

याहून भयंकर गोष्ट सातव्या परिच्छेदात होती. गुन्हा नोंदवण्यापूर्वी पोलीस उपअधीक्षकाने प्राथमिक चौकशी करणे आवश्यक आहे, असे तिथे ठासून लिहिले होते. अशी चौकशी आमच्या प्रकरणात झालेलीच नव्हती! म्हणजे आरोपीच्या वकिलाला काही बोलण्याची गरजच नव्हती. आमच्याच हरकतीतील परिच्छेद सात त्यांनी मोठ्याने वाचला असता तरी पुरे होते.

हे कुठून आले? २० मार्च २०१८ रोजी सुभाष काशिनाथ महाजन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक चौकशीचे आणि अटकेपूर्वी परवानगीचे निर्देश दिले होते. त्याविरुद्ध २ एप्रिल २०१८ रोजी भारत बंद झाला, त्यात आपल्या बांधवांचे प्राण गेले. त्याच वर्षी संसदेने कायद्यात कलम १८-अ घातले. १ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुनर्विलोकनात ते निर्देश मागे घेतले आणि १० फेब्रुवारी २०२० रोजी पृथ्वीराज चौहान प्रकरणात कलम १८-अ वैध ठरवले. एवढ्या संघर्षानंतर जे गाडले गेले, ते यंत्राने उकरून आमच्याच फिर्यादीच्या कागदात, आमच्याच पैशाने टाईप करून ठेवले होते.

तिसरी चूक कलमांची. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरी सुरक्षा संहिता लागू आहे. जुन्या संहितेत अटकपूर्व जामिनाचे कलम ४३८ होते, नव्या संहितेत ते ४८२ झाले. जुन्या संहितेत कलम ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार, गुन्हा रद्द करण्याची याचिका. नव्या संहितेत ते कलम ५२८ झाले. यंत्राने दोन्हींचा काला केला होता. एका पानावर ४८२ म्हणजे जामीन, दुसऱ्या पानावर ४८२ म्हणजे गुन्हा रद्द करणे. हत्येचे जुने कलम ३०२ न्याय संहितेत १०३ झाले आहे आणि नव्या ३०२ मध्ये धार्मिक भावना दुखावण्याच्या उद्देशाने शब्द उच्चारण्याचा गुन्हा आहे. इथे यंत्र अडखळले तर वाचणारा वकील जागा पाहिजे.

नसलेला निवाडा, मेलेला कायदा आणि चुकलेले कलम. एकाच हरकतीत तिन्ही! मी चिडलो. नको ते बोललो. ती खाली मान घालून ऐकत होती. मग हळूच म्हणाली, "सर, खरं-खोटं कुठं बघायचं, हे मला कुणी दाखवलंच नाही."

या एका वाक्याने माझी वाचा बंद झाली. कारण ते खरे होते. मी तिला "दाखले शोध" म्हटले. कसे शोधायचे ते दाखवले नव्हते. आठ महिने ती माझ्या ऑफिसात होती. तारखा घेणे, झेरॉक्स काढणे, वकीलपत्रावर सह्या घेणे, एवढेच तिच्या वाट्याला आले. कॉलेजात तिला कुणी शिकवले नाही आणि मीही शिकवले नाही. मग तिच्या हातात जे होते, त्या मोबाईललाच तिने विचारले. यात गुन्हेगार कोण?

वाचकहो, ही फसगत फक्त खेड्यातल्या नवख्या वकिलाची होते असे समजू नका. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात माटा विरुद्ध एव्हिआन्का या खटल्यात तीस वर्षे वकिली केलेल्या गृहस्थाने चॅटजीपीटीने रचलेले निवाडे दाखल केले. न्यायालयाने पाच हजार डॉलर दंड केला आणि जगभर नाचक्की झाली ती वेगळीच. आपल्या देशात डिसेंबर २०२४ मध्ये आयकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या बंगळुरू खंडपीठाने दिलेला एक आदेश मागे घ्यावा लागला, कारण त्यात नसलेल्या निवाड्यांचे दाखले होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने एक आयकर निर्धारण आदेश रद्द केला. आयकर अधिकाऱ्याने त्यात अस्तित्वात नसलेल्या निवाड्यांचा आधार घेतला होता. न्या. भूषण गवई यांनी मार्च २०२५ मध्ये केनियातील भाषणात याच धोक्याकडे लक्ष वेधले होते. वकील, अधिकारी, न्यायाधिकरण, कुणीही सुटलेले नाही. फरक एवढाच की मोठ्या माणसाची चूक बातमी होते आणि आपल्या पोरीची चूक झाली असती तर तिच्या अशिलाचा घात झाला असता, सनदेवर डाग लागला असता आणि वर "यांना कुठे वकिली जमते?" हा टोमणा सगळ्या समाजाला ऐकावा लागला असता.

आता मुळात हे यंत्र काय आहे ते समजून घेऊ. लोकांना वाटते, एआय म्हणजे एक मोठे ग्रंथालय. प्रश्न विचारला की ते पुस्तक काढून उत्तर देते. तसे नाही. या यंत्राला कोट्यवधी पानांचा मजकूर वाचायला घातलेला आहे. त्यातून ते एकच गोष्ट शिकते, एका शब्दामागे कोणता शब्द येण्याचा संभव अधिक. निवाड्याचा दाखला कसा दिसतो हे त्याला पक्के ठाऊक असते; म्हणून ते हुबेहूब दाखला बनवते. तो निवाडा खरोखर झाला की नाही, हा प्रश्न त्याच्या मांडणीतच नाही. इंटरनेटवर शोधून उत्तर देण्याची सोय आता अनेक यंत्रांत आहे. त्याने चुका कमी होतात, संपत नाहीत. शिवाय ते आपल्या कलाने बोलते. "माझ्या बाजूचे निवाडे दे" म्हटले की, नसले तरी देते. ते खोटेही बोलत नाही आणि खरेही बोलत नाही. ते फक्त शोभेल असे बोलते.

शोभेल असे बोलणे आणि सिद्ध करणे यांतील फरक आपल्याला कुणी नव्याने सांगायला नको. महाडच्या चवदार तळ्याचा दिवाणी दावा आठवा. १९२७ साली सवर्णांनी बाबासाहेब व त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध दावा लावला. तळ्यावर अस्पृश्यांना मज्जाव करण्याची रूढी अनादी काळापासून चालत आली आहे, असे त्यांचे म्हणणे होते. सगळे गाव तेच म्हणत होते. पण न्यायालयात 'सगळे म्हणतात' हा पुरावा नव्हे. दहा वर्षे हा लढा न्यायालयातून न्यायालयात चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की अशी अनादी रूढी वादींना सिद्ध करता आलेली नाही. त्या दाव्यात बाबासाहेब स्वतः प्रतिवादी होते. वकिलाच्या कामाचा याहून मोठा धडा दुसरा कोणता? एआय हे 'सगळे म्हणतात' याचेच यंत्र आहे. जे जास्त वेळा लिहिले गेले, ते ते पुढे करते. त्याला "सिद्ध कर" म्हणणे, हेच वकिलाचे काम आहे.

हे ऐकून काही सिनिअर म्हणतील, "आम्ही आधीच सांगत होतो. ज्युनिअरांच्या हाती हे देऊच नका. पोरे आळशी होतील, ड्राफ्टिंग विसरतील." या म्हणण्यात तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. ज्याने स्वतःच्या हाताने दहा दावे लिहिले नाहीत, त्याला यंत्राने लिहिलेल्या दाव्यातील चूक दिसणारच नाही. पोहता न येणाऱ्याच्या हाती होडी दिली तर तो बुडण्याचीच शक्यता अधिक. पण म्हणून होडी जाळायची की पोहायला शिकवायचे?

बंदी घालून काय होते तेही पाहू. देशातील मोठ्या लॉ फर्म २०२३ पासून ही साधने वापरू लागल्या आहेत. त्यांच्याकडे सशुल्क ग्रंथालये आहेत, तपासणारी माणसे आहेत, प्रशिक्षण आहे. न्यायव्यवस्थाही थांबलेली नाही. निवाड्यांच्या अनुवादासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्येच 'सुवास' हे सॉफ्टवेअर आणले. ई-कोर्ट प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला सप्टेंबर २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. त्यात एआयसारख्या नव्या तंत्रज्ञानासाठी ५३.५७ कोटींची तरतूद आहे. केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी एआय वापराचे धोरणच जाहीर केले. निष्कर्ष काढायला, आदेश द्यायला एआय वापरायचे नाही, जे वापराल त्याची माणसाने तपासणी करायची आणि नोंद ठेवायची, असे ते धोरण सांगते. ते न्यायाधीश आणि कर्मचाऱ्यांसाठी आहे. वकिलांसाठी काय? समोरच्या आरोपीचा वकील यंत्राच्या मदतीने तीनशे पानांचे दोषारोपपत्र एका रात्रीत पिंजून येणार आणि आमची पोरगी पेन्सिलीने खुणा करत बसणार, हा कुठला न्याय? पाटी-पेन्सिल आपल्याला शतकानुशतके नाकारली गेली. आता आलेली पाटी आपण होऊन नाकारायची नसते.

चळवळीतील काही मित्रांचा आक्षेप वेगळा आहे. ते म्हणतात, हे यंत्र प्रस्थापितांच्या मजकुरावर पोसलेले आहे, ते त्यांचीच भाषा बोलणार. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण मी तो अनुभवला आहे. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याविषयी साधा प्रश्न विचारला तरी 'कायद्याचा गैरवापर' हा परिच्छेद न मागता येतो. महार वतनाच्या जमिनीचा एक जुना फेरफार भाषांतराला दिला, तर 'वतन' म्हणजे 'मातृभूमी' असे इंग्रजी करून यंत्राने आमच्या अशिलाला देशभक्त करून टाकले! १९५८ च्या कनिष्ठ गाव वतने निर्मूलन कायद्याची, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीच्या अटीची त्याला गंधवार्ता नव्हती. हसू आले, पण अशा एका शब्दावर जमीन जाते. तरीही माझे उत्तर असे आहे की जो हे यंत्र वापरायला शिकतो, त्यालाच त्याचा पक्षपात पकडता येतो. कायद्याची पुस्तके तरी कुठे आपण लिहिली होती? ती वाचूनच आपण त्यांच्याशी भांडलो.

मग नेमके शिकवायचे काय? माझ्या अल्प अनुभवातून काही गोष्टी मांडतो.

पहिली गोष्ट, यंत्राला माहिती विचारायची नाही. आपल्याकडच्या कागदावर काम सांगायचे. "अ‍ॅट्रॉसिटीत जामिनावर निवाडे दे" हा वाईट प्रश्न आहे. "हे चार साक्षीदारांचे जबाब आहेत, घटनेची वेळ, जागा आणि उच्चारलेले शब्द यांबाबत कुठे फरक आहे ते तक्त्यात मांड, प्रत्येकापुढे पान क्रमांक लिही" हा चांगला प्रश्न आहे. कारण त्याचे उत्तर आपल्याला समोरच्या कागदावरून पडताळता येते. दोषारोपपत्रावरून तारखांची यादी, उलटतपासासाठी प्रश्नांचा कच्चा आराखडा, कलम १४-अ खालील अपिलासाठी मराठी कागदांचा इंग्रजी मसुदा, निकालात काय झाले हे अशिलाला सोप्या मराठीत सांगणारे पत्र, ही सगळी कामे यंत्र बरी करते. आमच्या ज्युनिअरने तर आणखी एक उपयोग शोधला. "तू न्यायाधीश हो आणि मला अडचणीचे प्रश्न विचार," असे सांगून ती रात्री युक्तिवादाचा सराव करते. इंग्रजीची भीती घालवायला याहून स्वस्त शिकवणी नाही. यंत्र हसत नाही, हिणवत नाही.

दुसरी गोष्ट, पडताळणीच्या तीन पायऱ्या. निवाडा सापडला पाहिजे, तो स्वतः वाचला पाहिजे आणि तो आजही कायम आहे का हे पाहिले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे जानेवारी २०२३ पासून ई-एससीआरवर फुकट पाहता येतात. त्याच वर्षापासून निवाड्यांना स्वतंत्र तटस्थ संदर्भ क्रमांक मिळू लागले. त्यावरून निवाडा खरा की खोटा हे दोन मिनिटांत कळते. केंद्रीय कायद्यांचे अद्ययावत पाठ इंडिया कोडच्या संकेतस्थळावर आहेत. उच्च न्यायालयाचे आदेश त्यांच्या संकेतस्थळावर आहेत. यासाठी एक रुपया लागत नाही. पण हे दाखवणारा माणूस लागतो. आणि निवाडा सापडला म्हणजे झाले असे नाही. महाजन निवाडा खराच आहे, शोधला तर सापडतो. त्यातील निर्देश मात्र आज जिवंत नाहीत. तिसरी पायरी चुकली की असा घात होतो.

तिसरी गोष्ट, अशिलाची गुपिते. आमच्या ज्युनिअरने संपूर्ण प्रथम खबर नावगावासह यंत्रात टाकली होती. फिर्यादीचे नाव, साक्षीदारांची नावे, मोबाईल नंबर, सगळे. अनेक सेवांमध्ये आपण टाकलेला मजकूर यंत्राच्या पुढील शिक्षणासाठी वापरला जाऊ शकतो; तो पर्याय बंद करावा लागतो, हे तिला ठाऊकच नव्हते. अशिलाने वकिलाला सांगितलेली गोष्ट अशिलाच्या संमतीशिवाय वकिलाने उघड करायची नाही, हे साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ चे बंधन आहे. पूर्वी ते कलम १२६ होते. बलात्काराच्या किंवा बालकांवरील अत्याचाराच्या प्रकरणात तर पीडितेची ओळख जपणे ही कायद्याचीच सक्ती आहे. म्हणून आमच्या ऑफिसात आता नियम आहे: यंत्रात जाण्यापूर्वी नावांच्या जागी फिर्यादी, आरोपी क्रमांक १, साक्षीदार क्रमांक ३ असे लिहायचे; गाव, नंबर, जातीच्या दाखल्याचा क्रमांक खोडायचा; आणि अत्याचारग्रस्त महिला-बालकांच्या प्रकरणातील कागद टाकायचाच नाही. ज्या माणसाने गावाचा बहिष्कार पत्करून आपल्यावर विश्वास टाकला, त्याचा कागद अर्धा तास वाचवण्यासाठी उधळायचा नसतो.

चौथी गोष्ट, जबाबदारीची. अर्जाखाली सही वकिलाची असते. "यंत्राने दिले होते" हे उत्तर न्यायालयात चालणार नाही आणि अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या कलम ३५ खालील शिस्तभंगाच्या चौकशीतही चालणार नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्येच बजावले आहे की चॅटजीपीटीच्या उत्तरावर न्यायालयीन निर्णय बेतता येणार नाही. अमेरिकन बार असोसिएशनने जुलै २०२४ मध्ये वकिलांना मार्गदर्शन केले, त्यात साधन समजून घेण्याची, गुप्तता राखण्याची आणि उत्तर तपासण्याची जबाबदारी वकिलाचीच ठेवली. एवढेच नव्हे, यंत्राने वाचवलेल्या तासांचे पैसे अशिलाकडून तासाच्या हिशेबाने घ्यायचे नाहीत, असेही सांगितले. आपल्याकडे तासाचा हिशेब कमी चालतो. पण जो अशील उधारीवर फी आणतो, त्याला या बचतीचा वाटा मिळायला नको काय?

आता मागण्यांकडे येतो. आपल्या देशात सनद मिळाल्यानंतर वकिलाने पुन्हा शिकलेच पाहिजे अशी सक्ती नाही. डॉक्टरांची संमेलने होतात, शिक्षकांना प्रशिक्षणे असतात. वकील मात्र कॉलेजातून निघाला की थेट तारखांच्या गिरणीत. म्हणून बार कौन्सिलने प्रत्येक तालुका बारमध्ये मराठीतून एआयचे प्रत्यक्ष प्रशिक्षण घ्यावे. पंचतारांकित हॉटेलातील इंग्रजी परिसंवाद नको. आपल्या न्यायालयातील खरे कागद, नावे खोडून, समोर ठेवून शिकवणारे वर्ग हवेत. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअर वकिलांना शहरात दरमहा २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये विद्यावेतन द्यावे अशी शिफारस केली. शिफारस कागदावर आहे आणि ज्युनिअर बसभाड्याला महाग आहे. यंत्राच्या चांगल्या आवृत्तीची वर्गणी दरमहा साधारण २० डॉलर असते. ती त्याने भरायची कुठून? बार रूममध्ये जसे सामाईक ग्रंथालय असते, तशी सामाईक वर्गणी आणि सशुल्क निवाड्यांचे एक सामाईक खाते बार असोसिएशनने घ्यावे.

विधी सेवा प्राधिकरणाकडे माझे दुसरे मागणे आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तो वकील जर न तपासलेले यंत्राचे कागद न्यायालयात टाकणार असेल, तर गरिबाला मोफत न्याय नव्हे, मोफत फसवणूक मिळेल. पॅनेलवरील प्रत्येक वकिलाला हे प्रशिक्षण आधी द्या. आणि विधी महाविद्यालयांनी निदान एवढे करावे की विद्यार्थ्याला शेवटच्या वर्षात एक यंत्राने लिहिलेला सदोष अर्ज हाती द्यावा आणि त्यातील चुका शोधायला लावाव्यात. पाठ केलेल्या शंभर व्याख्यांपेक्षा ती एक परीक्षा मोलाची ठरेल.

पण सरकार आणि बार कौन्सिल करतील तेव्हा करतील. आपण वाट पाहात बसायची काय? आम्ही आमच्या बार रूममध्ये दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी, न्यायालयाला सुटी असते तेव्हा, दोन तासांचा वर्ग सुरू केला आहे. पहिल्या दिवशी सात जण आले. त्यात साठीचे एक सिनिअरही होते. त्यांना यंत्र येत नव्हते, पण खोटा दाखला नुसत्या वासावरून ओळखता येत होता. पोरांना यंत्र येत होते, पण वास येत नव्हता. दोघांनी एकमेकांना शिकवले. हाच माझ्या मते खरा अभ्यासक्रम आहे. प्रत्येक तालुक्यात असे सात जण निघाले तरी पुष्कळ झाले.

त्या रात्री काय झाले, ते सांगून थांबतो. आम्ही दोघांनी ती नऊ पाने बाजूला ठेवली. यंत्राकडून फक्त जबाबांतील वेळांचा तक्ता करून घेतला, नावे खोडून, आणि तो मूळ कागदांशी ताडून पाहिला. त्यात दोन चुका निघाल्या, त्या दुरुस्त केल्या. मग तिने स्वतःच्या शब्दांत, मराठीत, तीन पानांची हरकत लिहिली. दाखले दोनच दिले, पण दोन्ही तिने अथपासून इतिपर्यंत वाचलेले. कलम १५-अ प्रमाणे पीडिताला आपले म्हणणे मांडण्याचा हक्क आहे. दुसऱ्या दिवशी सरकारी वकिलांनंतर न्यायालयाच्या परवानगीने ती उभी राहिली. न्यायाधीशांनी विचारले, "हे निवाड्यात कुठे म्हटले आहे?" तिने पान उघडले आणि ओळ वाचून दाखवली. आवाज थोडा कापत होता, पण बोट बरोबर ओळीवर होते.

अर्ज फेटाळला गेला. तो तिच्या तीन पानांमुळेच फेटाळला गेला असे मी म्हणणार नाही. सरकारी वकिलांनीही मेहनत घेतली होती. पण बाहेर आल्यावर हात गळ्यात बांधलेली ती बाई तिला म्हणाली, "ताई, साहेबांनी विचारलं तवा तुमी लगेच दावलं." अशिलाने वकिलाला दिलेले याहून मोठे प्रशस्तिपत्र मी पाहिलेले नाही. ते यंत्राला मिळाले नसते. यंत्र कसे हाताळायचे हे शिकलेल्या आणि मूळ निवाडा उघडून वाचलेल्या वकिलाला ते मिळाले. असे वकील प्रत्येक तालुक्याला हवे आहेत. ते आपोआप तयार होणार नाहीत. ते आपल्यालाच घडवावे लागतील.